नऊ महिन्यांची लहर, अठ्ठावीस वर्षांचा नेम

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाच्या देवळाकडे थोडे दुरून पाहिले, तर त्याचे दोन भाग सहज वेगळे ओळखू येतात. खालचा भाग यादवकाळातला. काळा दगड, अनेक कोन असलेली मांडणी, थरावर थर चढत गेलेली शिल्पे आणि आत भुयारासारख्या अरुंद वाटेने उतरून गाठावा लागणारा गाभारा. वरचा भाग मात्र निराळ्याच काळातला. चुन्यात बांधलेला, पांढरा, पुष्कळ साधा. औरंगजेबाच्या काळात देवळाचा वरचा भाग पाडला गेला आणि पुढे इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांनी तो पुन्हा उभा केला, अशी येथील परंपरा आहे. जवळच्याच नरसीच्या नामदेवांना विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले ते याच औंढ्यात, असेही वारकरी परंपरा सांगते. त्यामुळे या देवळाला भक्तीचा इतिहास आहे, तसा राज्यकर्त्यांचाही आहे.

अहिल्याबाईंच्या जन्माला 2025 मध्ये तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्याआधीच्या वर्षी अहमदनगर जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले. त्रिशताब्दीच्या निमित्ताने भाषणे झाली, पुतळे उभे राहिले, पुण्यश्लोक हे विशेषण पुन्हा पुन्हा उच्चारले गेले. या गौरवात एक प्रसंग नेहमी दोन वाक्यांत उरकला जातो. अहिल्याबाईंच्या आधी होळकरांच्या गादीवर त्यांचा एकुलता एक मुलगा मालेराव बसला होता. त्याची कारकीर्द अवघी नऊ-दहा महिन्यांची. मुलगा वेडसर, आई साध्वी. मुलगा गेला, आईने राज्य सावरले, अशी कथा सांगून आपण पुढे जातो. कथा म्हणून ती समाधान देते. परंतु एकाच घरात, एकाच वाड्यात, एकाच मुलखावर लागोपाठ झालेल्या या दोन राजवटी शेजारी ठेवून पाहिल्या, तर वेड आणि साधुत्व यांपलीकडचे काही हाती लागते. एक राज्य का ढासळू लागले आणि दुसरे का टिकले, या प्रश्नाचे उत्तर स्वभावापेक्षा कारभाराच्या रीतीत अधिक सापडते.

सासऱ्याची शिकवण

अहिल्याबाईंचा जन्म 31 मे 1725 रोजी चौंडी येथे झाला. हे गाव आज जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. मुलीला त्यांनी लिहिण्या-वाचण्यापुरते शिकवले होते, आणि त्या काळी हे थोडे नव्हते. 1733 मध्ये मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मल्हारराव हे जेजुरीजवळच्या होळ गावच्या धनगर कुटुंबातले. स्वतःच्या तलवारीवर माळव्याचे सुभेदार झालेले. घराण्याची पुण्याई त्यांच्या पाठीशी नव्हती, म्हणूनच कदाचित माणसाची पारख त्यांना चांगली होती. खंडेरावांकडून जी अपेक्षा पूर्ण होईना, ती सून पूर्ण करू शकेल, हे त्यांनी ओळखले.

1745 मध्ये मालेरावांचा आणि 1748 मध्ये मुक्ताबाईंचा जन्म झाला. 1754 च्या मार्चमध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाले. त्यांच्या इतर स्त्रिया सती गेल्या. अहिल्याबाईही त्याच वाटेने निघाल्या होत्या. मल्हाररावांनी त्यांना विनवून मागे फिरवले. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठावीस वर्षांचे होते.

पुढची बारा वर्षे ही खऱ्या अर्थाने अहिल्याबाईंची शाळा होती. मल्हारराव मोहिमेवर असत आणि सून घरी बसून वसुलीचे हिशेब पाही, फौजेला रसद पाठवी, सावकारांशी बोलणी करी. 1765 च्या सुमाराची मल्हाररावांची पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत सुनेने ग्वाल्हेरला जावे, तोफखाना सोबत न्यावा, गोळे आणि दारूगोळा तयार करवून घ्यावा, वाटेवर चौक्या ठेवाव्यात, अशा सूचना आहेत. देवपूजेत रमलेली विधवा अशी जी प्रतिमा आज डोळ्यांसमोर येते, ती या पत्रांतून दिसत नाही. पिंड आणि तोफखाना हे दोन्ही त्यांच्या दिनक्रमात शेजारी शेजारी होते.

20 मे 1766 रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचे निधन झाले. पानिपतातून वाचलेला, उत्तरेतल्या राजकारणाचा कोपरान् कोपरा ठाऊक असलेला तो म्हातारा सरदार गेला आणि सुभेदारी एकवीस वर्षांच्या नातवाकडे आली.

मालेरावांचे नऊ महिने

मालेरावांविषयी आपल्याला जे माहीत आहे, त्यातले बरेचसे एका इंग्रज अधिकाऱ्याच्या लेखनातून आलेले आहे. सर जॉन माल्कम यांनी 1817 मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेचा पराभव केला आणि नंतर माळव्याचा कारभार पाहताना तेथील जुन्या माणसांकडून माहिती गोळा केली. त्यांचा मध्य हिंदुस्थानाविषयीचा ग्रंथ 1823 मध्ये प्रसिद्ध झाला. अहिल्याबाईंच्या मृत्यूला तेव्हा अठ्ठावीस वर्षे आणि मालेरावांच्या मृत्यूला पन्नासहून अधिक वर्षे लोटली होती.

या माहितीनुसार मालेराव लहरी, चंचल आणि कधी कधी क्रूर होते. आईच्या दानधर्मासाठी येणाऱ्या ब्राह्मणांच्या वस्त्रांत आणि जोड्यांत विंचू सोडायचे, नाण्यांनी भरलेल्या भांड्यांत विंचू ठेवून ती त्यांच्यापुढे करायची आणि दंश झाला की हसायचे, असा त्यांचा खेळ सांगितला जातो. दुसरी कथा अधिक गंभीर आहे. वाड्यातल्या एका दासीशी संबंध असल्याच्या संशयावरून त्यांनी एका कशिदाकाराला ठार करवले. नंतर तो निरपराध असल्याचे कळले. त्या पश्चात्तापाने त्यांचे मन बिघडले, मेलेल्या माणसाचे भूत आपल्याला झपाटून आहे असे त्यांना वाटू लागले. आई रात्रंदिवस उशाशी बसून राहिली, त्या आत्म्याला देऊळ बांधून देण्याचे नवस बोलली. पण उपयोग झाला नाही. 1767 च्या वसंतात मालेराव वारले.

या कथांचे काय करायचे? त्या साफ खोट्या म्हणता येत नाहीत, कारण माळव्याच्या लोकस्मृतीत त्या खोल रुजलेल्या होत्या. त्या जशाच्या तशा खऱ्याही मानता येत नाहीत. चांगल्या राणीची कीर्ती उजळायला वाईट मुलाची काळी किनार उपयोगी पडते आणि पन्नास वर्षांत किनार रुंद होत जाते. मालेराव नऊ वर्षांचे असताना त्यांचे वडील रणात पडले होते. आजोबांच्या धाकात वाढलेल्या, कारभाराचा अनुभव नसलेल्या या तरुणाला ऐन विशीत एक प्रचंड दौलत एकाएकी मिळाली. त्यांना काही मानसिक आजार असावा, हे कशिदाकाराच्या कथेतूनच जाणवते. आजच्या वाचकाने त्यांच्याकडे हसण्याचा किंवा तिरस्काराचा विषय म्हणून पाहू नये, एवढे तरी या पुराव्यांवरून म्हणता येईल.

अहिल्याबाईंनीच मुलाला हत्तीच्या पायी दिले, अशी एक आख्यायिका न्यायप्रिय मातेचे उदाहरण म्हणून अजून सांगितली जाते. तिला आधार नाही. आईने मुलाचा जीव घेतला या अफवेची माल्कम यांनीच चौकशी केली होती आणि ती खोटी ठरवली होती. आपल्याकडे आदर्शाला रक्ताचा टिळा लावल्याशिवाय तो पुरेसा आदर्श वाटत नाही, त्याचे हे उदाहरण आहे.

मात्र मालेरावांना सहानुभूती दाखवली तरी त्यांच्या राजवटीतला मुख्य दोष झाकला जात नाही. कशिदाकाराच्या मरणाची कथा खरी मानली, तर संशय आणि शिक्षा यांच्यामध्ये तेथे काहीच नव्हते. ना चौकशी, ना पंच, ना एक रात्र थांबण्याची रीत. राज्यकर्त्याचे मन हाच कायदा झाला की त्या मनाला ताप आला म्हणजे राज्यालाही ताप येतो. मालेराव शहाणे असते तर कदाचित हे उघड झाले नसते. राज्य तेव्हाही एका मनाच्या धाग्यावरच लटकलेले राहिले असते.

वारसाचा पेच

मालेराव गेल्यावर होळकरांच्या घरात पुरुष वारस उरला नाही. दौलतीचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचवले की एखादा लहान मुलगा दत्तक घ्यावा आणि कारभार आपण पाहावा. बाईंनी तीर्थाटन करावे, दानधर्म करावा. खर्चाला नेमणूक मिळेल. या मसलतीला रघुनाथराव पेशव्यांचा पाठिंबा होता, आणि होळकरांचा खजिना त्यांच्या नजरेत भरला होता.

अहिल्याबाईंनी नकार दिला. त्यांचा युक्तिवाद भावनेचा नव्हता. एका सुभेदाराची मी सून, दुसऱ्याची आई. दत्तक घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क माझा, ही त्यांची भूमिका होती. शिंदे, गायकवाड आणि नागपूरकर भोसले यांच्याकडे त्यांनी पत्रे पाठवली. फौज सज्ज केली. पुण्यास माधवराव पेशव्यांकडे आपली बाजू कळवली. रघुनाथराव सैन्यासह क्षिप्रेच्या काठी आले तेव्हा त्यांना निरोप गेला की बाईला हरवून तुमची कीर्ती वाढणार नाही, आणि हरलात तर नाचक्की मात्र कायमची होईल. रघुनाथरावांनी आपण केवळ सांत्वनाला आलो होतो असे सांगून माघार घेतली, असे सांगतात. निरोपातल्या चातुर्याचे कौतुक होते, पण त्यामागे तयारी होती. माधवरावांनी चुलत्याची बाजू न घेता अहिल्याबाईंचा हक्क मान्य केला, हेही तितकेच महत्त्वाचे. वीस-बावीस वर्षांच्या त्या पेशव्याने हा निर्णय घेतला नसता, तर पुढचा इतिहास घडलाच नसता.

1767 च्या अखेरीस व्यवस्था ठरली. सुभेदारीची वस्त्रे आणि फौजेचे नेतृत्व होळकर कुळातल्या तुकोजींकडे गेले. मुलखाचा कारभार, महसूल आणि खजिना अहिल्याबाईंकडे राहिला. तुकोजी वयाने त्यांच्याहून थोडे मोठेच होते, तरी त्यांना मातोश्री म्हणत. हे दुहेरी राज्य अठ्ठावीस वर्षे चालले.

नेमाचे राज्य

अहिल्याबाईंनी इंदूर सोडून नर्मदाकाठच्या महेश्वरला राजधानी केली. तेथे त्यांच्या दिवसाचे जे वर्णन मिळते, ते वाचताना त्यातला एकसुरीपणा जाणवतो, आणि त्यातच त्या राजवटीचे मर्म आहे. पहाटेपूर्वी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दान, भोजन, अल्प विश्रांती. दुपारी सुमारे दोन वाजता दरबार, तो संध्याकाळपर्यंत. पुन्हा पूजा आणि फराळ झाल्यावर रात्री नऊपासून अकरापर्यंत कागदपत्रे. पडदा त्यांनी पाळला नाही. दरबारात कोणीही येऊन गाऱ्हाणे मांडू शके आणि त्या ते स्वतः ऐकत. वर्षामागून वर्षे हा क्रम बदलला नाही. रयतेला आणि कामगारांना उद्या काय होईल याचा अंदाज बांधता येत असे, आणि अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानात याहून दुर्मीळ गोष्ट दुसरी नव्हती.

त्यांच्या राज्याला एक निश्चित विचार होता. राज्य शंकराचे, आपण त्याच्या वतीने सांभाळणाऱ्या. त्यांच्या आज्ञा स्वतःच्या नावाने न निघता श्रीशंकराच्या नावाने निघत. ही निव्वळ भाविकता समजली जाते; पण तिचा व्यवहारातला परिणाम पाहण्यासारखा आहे. धन्याला स्वतःच्या मालमत्तेवर लहर चालवता येते, मुनिमाला येत नाही. त्याला हिशेब द्यावा लागतो. अहिल्याबाईंनी स्वतःला मुनिमाच्या जागी बसवले होते. मालेरावांच्या बाबतीत मन आणि हुकूम यांच्यामध्ये जी मोकळी जागा होती, ती त्यांनी या श्रद्धेने भरून काढली.

होळकरांकडे दौलत आणि खासगी अशी दोन खाती होती. दौलत म्हणजे सरंजामाचा मुलूख. त्याचा पैसा फौजेला आणि कारभाराला. खासगी म्हणजे मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना 1734 मध्ये पेशव्यांकडून स्वतंत्रपणे मिळालेले उत्पन्न, जे पुढे सुनेकडे आले. ही खाती मिसळू न देण्याविषयी अहिल्याबाई अत्यंत काटेकोर होत्या. देवळे, घाट, अन्नछत्रे यांचा खर्च खासगीतून होई.

विधवांच्या संपत्तीबाबत त्यांची भूमिका स्पष्ट होती. निपुत्रिक माणूस मेला की त्याच्या संपत्तीवर सरकारने हात टाकायचा, ही त्या काळची सर्रास रीत. इंदूरचा एक धनाढ्य सावकार वारला तेव्हा तुकोजींनी त्याच्या संपत्तीतला वाटा मागितला. सावकाराची विधवा महेश्वरला आली. अहिल्याबाईंनी तिचा हक्क मान्य केला आणि तुकोजींना माघार घ्यायला लावली. खरगोणकडील विधवांनी आपली संपत्ती आपणहून सरकारात देऊ केली, तेव्हा ती न घेता विहिरी-घाटांसारख्या लोकोपयोगी कामांत त्यांनीच खर्च करावी असे त्यांना सांगितले.

डोंगरातले भिल्ल व्यापाऱ्यांचे तांडे लुटत. त्यांच्याविरुद्ध अहिल्याबाईंनी फौज पाठवली, कठोर शिक्षाही केल्या. त्याचबरोबर त्यांच्या भागातून जाणाऱ्या मालावर भिल्लकवडी नावाची लहानशी पट्टी घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला आणि मोबदल्यात वाटेच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. ज्याच्यापासून भय, त्यालाच राखण्याचे काम देण्यात मोठी कारभारी दृष्टी होती. महेश्वरात विणकरांना आणून वसवले आणि त्यांच्या मागाला गिऱ्हाईक मिळवून दिले. महेश्वरी लुगडे आजही त्या गावाचे नाव चालवते.

या सगळ्याला सौम्यपणा समजण्याची चूक करू नये. रामपुऱ्याच्या चंद्रावत राजपुतांनी बंडे केली तेव्हा ती त्यांनी शस्त्रानेच मोडली. नेम हा मऊ असतो असे नाही.

परमुलखातली देवळे

येथे पुन्हा औंढ्याकडे वळावे लागते. मराठवाड्याचा बहुतेक भाग तेव्हा निजामाच्या दौलतीत होता. महेश्वरपासून शेकडो मैल दूर, आपल्या शेतसाऱ्याशी संबंध नसलेल्या या भागात अहिल्याबाईंनी देऊळ दुरुस्त करवले. काशीचे विश्वनाथाचे आजचे देऊळ त्यांनी 1780 च्या सुमारास बांधले. तेथे इंग्रजांचा अंमल पोहोचला होता. गयेचे विष्णुपद मंदिर इंग्रजांच्या मुलखात, सोमनाथाचे नवे देऊळ सौराष्ट्रात. परळी, वेरूळ, नाशिक, पंढरपूर, जेजुरी अशी ही यादी लांबत जाते. त्यांच्या दानाचा नकाशा त्यांच्या राज्याच्या नकाशापेक्षा कितीतरी मोठा होता.

मराठवाड्याच्या भूमीने राज्यकर्त्यांचे नाना प्रकार पाहिले आहेत. लहरी राजाचे उदाहरण म्हणून ज्याचे नाव मराठीत वाक्प्रचार होऊन बसले, त्या महंमद तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीची राजधानी दौलताबादला आणली, आणि तो एकूण सव्वीस वर्षे राज्यावर होता. म्हणजे लहर नेहमीच अल्पायुषी असते असे नाही. जवळच खुलदाबादला औरंगजेबाची कबर आहे. औरंगजेब लहरी नव्हता. तो कष्टाळू, काटकसरी, धर्मनिष्ठ, रोज नेमाने दप्तर पाहणारा, आणि त्याची राजवट जवळपास एकोणपन्नास वर्षांची. स्थैर्य, निष्ठा आणि दीर्घ काळ एवढ्याच कसोट्या लावल्या, तर तोही त्यांना उतरतो. तरीही त्याच्या निष्ठेचा भार रयतेने वाहिला. 1679 मध्ये त्याने बिगर-मुसलमानांवर जिझिया पुन्हा बसवला, देवळे पाडण्याचे हुकूम काढले आणि अखेरीस दख्खनच्या युद्धात साम्राज्य थकवून टाकले.

म्हणून लहरी राज्यापेक्षा विचारनिष्ठ राज्य बरे, असा सोपा निष्कर्ष काढता येत नाही. विचाराची किंमत कोण मोजतो, हे पाहावे लागते. अहिल्याबाईंची निष्ठा औरंगजेबाइतकीच पक्की होती, पण तिचा खर्च त्यांच्या स्वतःच्या खात्यावर पडे. त्यांचा धर्म त्यांना बांधून ठेवी; रयतेला बांधण्यासाठी त्यांनी तो वापरला नाही. पाडलेले शिखर पुन्हा बांधताना त्यांनी त्याचा सूड दुसऱ्या कोणाच्या प्रार्थनास्थळावर उगवला नाही. औंढ्याच्या काळ्या दगडावरचा पांढरा चुना हे अशा निष्ठेचे चिन्ह आहे.

पारड्याची दुसरी बाजू

तरीही तराजू प्रामाणिकपणे धरायचा, तर या दीर्घ राजवटीच्या उणिवाही मांडाव्या लागतील.

पहिली उणीव दुहेरी व्यवस्थेतच होती. तलवार तुकोजींच्या हाती आणि थैली अहिल्याबाईंच्या हाती. मोहिमेवरून तुकोजी पैशांसाठी पत्रे पाठवत आणि महेश्वराहून आधी हिशेब मागितला जाई. दोघांचेही बरोबर होते. फौजेचे मात्र हाल होत. महादजी शिंद्यांनी याच काळात द बॉयन या युरोपीय सेनानीच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या. होळकरांची फौज जुन्या वळणावर राहिली, आणि जाग आली तेव्हा उशीर झाला होता. जून 1793 मध्ये लाखेरीला शिंद्यांच्या पलटणींनी तुकोजींच्या फौजेची धूळधाण केली. खजिन्याचा काटेकोर सांभाळ करणारी राजवट बदलत्या युद्धतंत्राकडे वेळीच पाहू शकली नाही, असे म्हणावे लागते.

दुसरी उणीव अधिक खोल होती. नेम होता, तो एका व्यक्तीचा. तो संस्थेत उतरला नाही. अहिल्याबाईंनंतर कोण, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. मुक्ताबाईंचा मुलगा नथ्याबा 1790 मध्ये वारला. पुढच्या वर्षी जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती गेल्या. आईने परोपरीने विनवले, पण मुलीने ऐकले नाही. सासऱ्याच्या शब्दाखातर स्वतः चितेवरून परत फिरलेल्या, दरबारात विधवांचे हक्क राखणाऱ्या या बाईंना आपल्या मुलीला मात्र परत फिरवता आले नाही. परंपरेशी त्यांनी कधी उघड भांडण मांडले नव्हते. मुलीच्या चितेपाशी तीच परंपरा त्यांच्यासमोर उभी राहिली.

1795 च्या मार्चमध्ये चौंडीपासून फार दूर नसलेल्या खर्ड्याला मराठ्यांनी निजामावर विजय मिळवला. त्यानंतर पाच महिन्यांनी, 13 ऑगस्ट 1795 रोजी, महेश्वरला अहिल्याबाईंचे निधन झाले. 1797 मध्ये तुकोजी वारले आणि त्यांच्या मुलांत कलह पेटला. दुसरे मल्हारराव मारले गेले. 1801 मध्ये विठोजींना पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. पुढच्याच वर्षी यशवंतरावांनी पुण्यावर चाल करून हडपसरच्या लढाईत पेशवे आणि शिंदे यांचा पराभव केला, आणि पळालेल्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. अठ्ठावीस वर्षांची घडी सात वर्षांत विस्कटली. मालेरावांच्या नऊ महिन्यांत जो धोका दिसला होता, तो टळला नव्हता. एका असामान्य बाईने तो आयुष्यभर थोपवून धरला होता एवढेच.

हिशेब

दोन्ही राजवटींचा हिशेब मांडताना म्हणून थोडी सावधगिरी हवी. मालेरावांना खलपुरुष ठरवून काही साधत नाही. त्यांच्या अल्प राजवटीने एकच गोष्ट दाखवली, की सत्तेला आतून बांध नसेल तर एका आजारी मनासोबत सगळा मुलूख आजारी पडतो. अहिल्याबाईंनी मुलाच्या उशाशी बसून हे पाहिले होते. पुढे सत्ता हाती आली तेव्हा त्यांनी स्वतःभोवतीच बांध घातले. ठरलेली वेळ, वेगळी खाती, उघडा दरबार, आणि धनी आपण नव्हे ही रोज घडवलेली आठवण. त्यांचे मोठेपण चमत्कारात शोधायची गरज नाही. ते अशा कंटाळवाण्या, रोजच्या गोष्टींत आहे.

मात्र हे बांध त्यांच्यासोबतच गेले. पुण्यश्लोक म्हणून आपण त्यांना देव्हाऱ्यात बसवतो तेव्हा हाच धडा हरवतो, कारण देवतेचे अनुकरण कोणी करत नाही. दौलतीचा पैसा आणि घरचा पैसा वेगळा ठेवणे, हुकमापूर्वी गाऱ्हाणे ऐकणे, आपल्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याकडून वसूल न करणे, या गोष्टींना दैवी अंश लागत नाही. त्या कोणत्याही राज्यकर्त्याला जमण्यासारख्या आहेत, आणि म्हणूनच त्या मागण्याचा रयतेला अधिकार आहे.

औंढ्याला रोज भाविकांची रांग लागते. देवळातला देव जुना, खालचे दगड यादवांचे, वरचा चुना होळकरांचा. परक्या राज्यात, आपले नाव होईल की नाही याची फिकीर न करता, एका विधवेने आपल्या खासगीतून उचललेला हा खर्च आहे. मालेरावांच्या हुकमाची खूण आज कोठे शोधूनही सापडत नाही. या चुन्याखाली मात्र ऊन-पावसात अजून सावली मिळते.